अंगणवाडी कुणाच्या अंगणातून आली? : ताराबाई मोडक यांचे कार्य आणि आपल्या वाड्यावस्त्या

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील कोणत्याही गावात जा, समाजमंदिराशेजारी किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेला लागून एक खोली दिसते आणि तिच्यावर 'अंगणवाडी' असा फलक असतो. हा शब्द आता इतका रुळला आहे की तो कुणी घडवला आणि कुणाच्या मुलांसाठी घडवला, हे विचारण्याची कुणाला गरज वाटत नाही. सरकारी योजनेचे ते एक नाव आहे, असेच सगळे समजून चालतात. पण या नावामागे एका स्त्रीचे पन्नास वर्षांचे काम आहे. ज्या मुलांच्या अंगणात ती शाळा घेऊन गेली, ती मुले आपल्या आणि आदिवासी बांधवांच्या वस्तीतली होती. ती स्त्री म्हणजे ताराबाई मोडक. त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवत आहोत.

चळवळीच्या पत्रात ताराबाईंवर का लिहायचे, असे काही वाचक विचारतील. जन्माने त्या आपल्या समाजाच्या नव्हेत. परंतु माणसाची जात पाहून त्याच्या कामाचे मोल करण्याची रीत आपली नाही, ती मनूची आहे. याच पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडच्या लढ्यात, सुरबा टिपणीस, अनंतराव चित्रे आणि गंगाधरपंत सहस्रबुद्धे बाबासाहेबांच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. काम खरे आहे की नाही आणि ते आपल्या मुलांच्या उपयोगाचे आहे की नाही, एवढेच आपण पाहायचे. तेही भक्तिभावाने नव्हे, तर चिकित्सा करून.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे. घरात सुधारणेचे वारे असल्यामुळे मुलीच्या शिक्षणाला आडकाठी आली नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. त्या काळी पदवीपर्यंत पोचणाऱ्या स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला, पण तो संसार टिकला नाही. नवऱ्यापासून वेगळे होऊन, लहान मुलीला घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहणे हे त्या काळच्या पांढरपेशा समाजात सोपे नव्हते. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तिथल्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. ते पद मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत्या.

मोठे पद होते, मान होता. तरीही १९२३ साली त्यांनी ते सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० पासून दक्षिणामूर्ती संस्थेचे बालमंदिर चालवले होते. गिजुभाई मूळचे वकील. छडी, घोकंपट्टी आणि दरारा यांवर चालणारी शाळा त्यांना मान्य नव्हती. तीन ते सहा वर्षांचे मूल हाताने, डोळ्याने, कानाने शिकते. त्याला वस्तू हाताळू द्याव्यात, मोजू द्याव्यात, रचू द्याव्यात, मोडू द्याव्यात, गाऊ द्यावे, हा माँटेसरी बाईंचा विचार त्यांनी आपल्या मातीत रुजवायला घेतला होता. ताराबाई या कामात पूर्ण उतरल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षिका तयार करणे, मुलांसाठी पुस्तिका लिहिणे, शिक्षणपत्रिका चालवणे ही कामे त्यांनी वर्षानुवर्षे केली.

इथे एक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. माँटेसरी बाईंची पहिली शाळा १९०७ साली रोम शहरातील सॅन लोरेन्झो या गरीब कामगार वस्तीत सुरू झाली होती. आईबाप कामावर गेल्यावर चाळीत उंडारणाऱ्या मुलांची ती शाळा. म्हणजे ही पद्धत जन्मली ती कष्टकऱ्यांच्या पोरांसाठी. आपल्या देशात मात्र 'माँटेसरी' म्हटले की मोटारीतून उतरणारी मुले डोळ्यांपुढे येतात. गरिबांसाठी निघालेली वस्तू वरच्या वर्गाने उचलायची आणि गरिबाला पुन्हा घोकंपट्टीच्या वर्गात बसवायचे, हा प्रकार या देशात नवा नाही. ताराबाईंचे मोठेपण असे की त्यांनी ही वाट उलटी फिरवली.

भावनगरहून मुंबईला आल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. संस्था नावारूपाला आली. मध्यमवर्गाची मुले तिथे येऊ लागली. एखादी बाई इथेच थांबली असती आणि तिचे नाव शिक्षणाच्या इतिहासात राहिलेही असते. पण या पद्धतीची साधने महाग, जागा मोठी, शिक्षिका शहरी. मग खेड्यातल्या मुलाने काय करायचे, हा प्रश्न ताराबाईंना गप्प बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला गेल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. बालविधवा असलेल्या या शिक्षिकेने पुढे जन्मभर साथ दिली आणि ताराबाईंच्या मागे १९९२ पर्यंत ते काम चालवले.

१९४५ हे साल साधे नव्हते. त्याच परिसरात, तलासरी-डहाणू-उंबरगाव भागात, वारली समाजाने वेठबिगारीविरुद्ध बंड पुकारले होते. त्यांच्या पाठीशी गोदावरी आणि शामराव परुळेकर होते. हे शामराव परुळेकर म्हणजे १९३७ साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे निवडून आलेले आणि १९३८ च्या खोतीविरोधी शेतकरी मोर्चात बाबासाहेबांबरोबर चाललेले कार्यकर्ते. म्हणजे एका बाजूला वारल्यांची मोठी माणसे सावकाराच्या आणि जमीनदाराच्या जोखडातून मान सोडवत होती आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या शेजारीच मुलांसाठी एक नव्या रीतीची शाळा उभी राहत होती. दोन्ही कामांचे मार्ग वेगळे होते, झेंडे वेगळे होते. पण एका विना दुसरे अपुरे होते, हे आज मागे वळून पाहताना स्पष्ट दिसते.

बोर्डीत ताराबाईंना पहिला धडा मिळाला तो असा की बालवाडी उघडली म्हणून गरिबांची मुले येत नाहीत. आई मजुरीला जाते. मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन घरी बसते. गावातल्या शाळेच्या पायरीवर आपल्या मुलाला कसे वागवतील, याची धास्ती दलित आईबापांच्या मनात पिढ्यान् पिढ्यांची. मुले येत नाहीत म्हणून आईबापांना अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. तेव्हाही अनेक जण तेच करत होते आणि आजही करतात. ताराबाईंनी तसे केले नाही. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेने मुलापर्यंत गेले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. शिक्षिका साहित्याची पेटी घेऊन दलित वस्तीत आणि पाड्यांवर जाऊ लागल्या आणि घरापुढच्या सारवलेल्या अंगणात मुले जमवू लागल्या. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी. हा शब्द असा जन्मला.

साहित्यही त्यांनी बदलले. परदेशी नमुन्याचे लाकडी ठोकळे आणि मणी परवडणारे नव्हते. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, काटक्या, माती, करवंट्या आल्या. मुलांना ओळखीची वस्तू हातात मिळाली आणि भीती गेली. लहान-मोठे, जड-हलके, खरखरीत-गुळगुळीत हे सारे भेद त्याच वस्तूंतून शिकता आले. दहा बियांचा एक ढीग, असे दहा ढीग म्हणजे शंभर, हे मूल बोटांनी शिकले. त्यानंतर पाटीवरचा आकडा आला. आकडा आधी नाही.

पुढे १९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या अगदी मध्ये गेले. तिथे विकासवाडी उभी राहिली. तान्ह्यांसाठी पाळणाघर, त्यापुढच्यांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे धाकट्याला सांभाळायचे म्हणून घरी राहणाऱ्या बहिणीलाही शाळेत येता आले. जी मुले गुरे राखायला रानात जात त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरत आहेत, मुले झाडाखाली शिकत आहेत आणि शिक्षक त्यांच्या मागे रानात गेला आहे, असे हे चित्र. दिवसभर राबणाऱ्यांसाठी रात्रीची शाळा होती. १९६२ साली सरकारने ताराबाईंना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

आता चिकित्सेकडे वळू. ताराबाईंच्या कामाला मर्यादा होत्या. अंघोळ, नखे, केस यांपासून सुरुवात करणारी शाळा पाण्याच्या हक्काचा आणि जमिनीचा प्रश्न विचारत नव्हती. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना लढून मिळवावे लागले, त्यांना नुसती स्वच्छता शिकवून भागत नाही. आणखी एक शंका आपल्या चळवळीत जुनी आहे आणि ती रास्त आहे. बहुजनांच्या मुलांना 'कृतीतून शिक्षण' देण्याच्या नावाखाली त्यांना अक्षरांपासून दूर तर ठेवले जात नाही ना? १९३७ साली वर्ध्याहून निघालेल्या नई तालीमेत हस्तव्यवसाय केंद्रस्थानी आला. १९५३ साली मद्रास प्रांतात राजगोपालाचारींच्या सरकारने शाळेचा वेळ कमी करून उरलेला वेळ मुलांनी घरचा धंदा शिकण्यात घालवावा अशी योजना आणली. कुंभाराच्या मुलाने मडके आणि चांभाराच्या मुलाने जोडा शिकावा, असा तिचा सरळ अर्थ होता. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिच्याविरुद्ध रान उठवले आणि पुढच्या वर्षी ती योजना कामराज सरकारला मागे घ्यावी लागली. तेव्हा हाताने शिकणे हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, यात काही चूक नाही.

पण दोन गोष्टींत फरक करायला हवा. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यात बांधणे ही एक गोष्ट आणि हाताने वस्तू मोजून आकड्यापर्यंत, अक्षरापर्यंत पोचणे ही दुसरी. पहिली जातीकडे नेते, दुसरी जातीबाहेर काढते. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा वाचन, लेखन, हिशेब यांच्याबरोबर शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञानही मागितले होते. त्यांनी एकाच्या बदल्यात दुसरे मागितले नव्हते. बाबासाहेबांनी १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठराच चौथीपर्यंत पोचतात. शाळेत आलेले मूल कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, ही त्यांची मागणी होती. मुले मध्येच का गळतात? गरिबी आहे, जात आहे. पण ज्या वर्गात काही कळत नाही आणि वर मार मिळतो, त्या वर्गात मूल टिकत नाही, हेही एक कारण आहे. ताराबाईंची पद्धत या गळतीवरचे औषध आहे. मात्र तिचा शेवट वाचता-लिहिता येण्यात झाला पाहिजे. खेळ हे साधन, साक्षरता हे साध्य. हा क्रम चुकला तर ताराबाईंचे नाव घेऊन आपलीच फसवणूक होईल.

कर्जत आणि खालापूरमध्ये या पद्धतीला काय कमी आहे? पैसे लागत नाहीत. उल्हास नदीत गोटे आहेत, चिंचेखाली चिंचोके आहेत, डोंगरात कारवीच्या काठ्या आहेत. दहा काठ्यांची मोळी म्हणजे दशक आणि सुट्या काठ्या म्हणजे एकक. वजाबाकीत हातचा घ्यायचा म्हणजे मोळी सोडायची. हे ज्या मुलाने एकदा हाताने केले त्याला उसने घेण्याचे गणित पुन्हा समजवावे लागत नाही. दोन करवंट्या, दोरी आणि काठी यांचा तराजू होतो. भाताच्या तालुक्यात लोंबीतले दाणे मोजता येतात. कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या भाताच्या जातींना कर्जत हेच नाव आहे, हे त्या मुलांना कोण सांगते? राजनाल्याला पाणी सुटते ते कुठून येते, भिवपुरी आणि खोपोलीच्या वीजघरांतून शंभरएक वर्षे वीज मुंबईकडे जाते तर आपल्या वाडीत ती कधी आली, हे प्रश्न मातीत नकाशा काढून चौथीच्या मुलाला विचारता येतात. कोंडाण्याची बौद्ध लेणी कर्जतच्या उशाशी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या चैत्यगृहात मुलांना नेऊन लांबी-रुंदी पावलांनी मोजायला लावली, कमानी रेखाटायला लावल्या, तर भूमिती आणि इतिहास एकाच दिवशी शिकून होतील आणि हा वारसा कुणाचा आहे हेही कळेल.

यात गंमत आहेच, पण आम्हाला त्यापलीकडचे दिसते. शेर, पायली, किलो, लिटर ही मापे आपल्या माणसांना लुबाडण्याची हत्यारे होती. मापात पाप करणारा सावकार आणि व्यापारी अडाणी कुळाच्या डोळ्यांदेखत खोटे माप भरत असे. ज्या मुलाने पायली स्वतः भरली आहे, काटा स्वतः धरला आहे, त्याला कोण फसवील? दिवाळी झाली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मजुरी हजार विटांवर ठरते आणि हिशेब मालकाच्या वहीत असतो. ज्या घरातल्या पोराला हजाराचा अर्थ मोळ्या बांधून कळला आहे, ते पोर त्या वहीकडे वेगळ्या नजरेने पाहील. मोजता येणे हा त्या घराच्या भाकरीचा प्रश्न आहे. पण नेमके तेच पोर वर्षातले सहा-सात महिने भट्टीवर असते. ताराबाईंची शाळा गुरांमागे कुरणात गेली. मग आजची शाळा भट्टीवर का जाऊ शकत नाही?

सरकारचे वागणे पाहा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ गटांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, पण त्यातला प्राण वाटेत हरवला. बहुतेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे आहार वाटप, वजन आणि नोंदवह्या असे होऊन बसले. जिच्या हातात ही सगळी मुले आहेत त्या सेविकेला पगार नाही, मानधन आहे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरच्या सेविका आणि मदतनिसांना बेमुदत संपावर जावे लागले. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना खेळातून शिकवण्याची भाषा आहे. २०२३ साली 'जादुई पिटारा' नावाची खेळण्यांची पेटीही दिल्लीत वाजतगाजत निघाली. आणि त्याच २०२३ च्या सप्टेंबरात राज्याच्या शिक्षण विभागाने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा राज्यात चौदा हजारांहून अधिक होत्या. त्या कुठे असतात? ठाकूरवाडीवर, कातकरवाडीवर, धनगरवाड्यावर. वाडीवरची शाळा उठवून सात-आठ वर्षांच्या मुलीला ओढे ओलांडून दूरच्या शाळेत पाठवा म्हणणे याचा अर्थ तिला घरी बसवा असाच होतो. ताराबाईंनी शाळा मुलाच्या दारात नेली आणि आजचे सरकार दारातली शाळा काढून नेऊ पाहते. पेटी दिल्लीहून येईल, पण ती उघडायला शाळाच उरली नाही तर?

२०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि त्या ठाकूरवाडीतली अनेक घरे गाडली गेली. तेव्हा कुठे शासनाला त्या डोंगरावर माणसे राहतात हे आठवले. वाडीवर शाळा असणे म्हणजे ती माणसे या राज्याची नागरिक आहेत अशी रोजची नोंद असणे. ती नोंद पुसू देता कामा नये.

आपल्या समाजालाही दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. नोकरीत स्थिरावलेल्या आपल्या अनेक बांधवांनी जिल्हा परिषदेच्या शाळेकडे पाठ फिरवली आहे. आपली मुले इंग्रजी शाळेत घालण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. पण मागे राहिलेल्या वस्तीचे काय? गावोगावी बुद्धविहारे आहेत. रविवारी वंदना झाल्यावर दोन तास विहाराच्या अंगणात वस्तीतली आणि शेजारच्या वाडीतली मुले बसवली, शिकलेल्या तरुण-तरुणींनी चिंचोके, काठ्या आणि गोष्टींची पुस्तके घेऊन त्यांना शिकवले, तर त्याला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ठाकूर आणि कातकरी मुलांशी त्यांच्या बोलीत सुरुवात करावी आणि हळूहळू पुस्तकाच्या भाषेकडे न्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे असतात; त्यांनी वर्षातून एकदा सही करण्यापुरते न जाता वर्गात काय चालते ते पाहावे. वाडीवरची शाळा बंद करण्याचा कागद आला तर ग्रामसभेत उभे राहून विरोध नोंदवावा.

ताराबाई मोडक यांनी लढा दिला नाही, मोर्चा काढला नाही. त्या मुलाच्या अंगणात जाऊन बसल्या आणि त्याच्या हातात बी ठेवून एक, दोन, तीन म्हणाल्या. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द आपल्याला सर्वांत आधी दिला. तो शब्द वाडीवरच्या पाच वर्षांच्या मुलापर्यंत पोचवायचा तर कुणाला तरी त्याच्या अंगणात जाऊन बसावेच लागेल. ते काम आता आपले आहे.